सोनगीरच्या भागाबाईचं पान

मी 'खानदेश-जन-चित्रावली' नावाचा ग्रंथ बोलतोय. जाड पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत खानदेशातल्या माणसांची छायाचित्रं, आणि प्रत्येक चित्रावर पातळ सळसळता कागद. तरुणपणी मी मोठा देखणा होतो. पण त्या देखणेपणाचं मला कधी सुख लागलं नाही. माणसं मला मांडीवर घेतात, अंगठा जिभेला लावतात, थुंकीनं माझी पानं उलटतात आणि कुणाच्या तरी तोंडावर बोट ठेवून खिदळतात. त्या ओल्या अंगठ्यांची मला अजून शिसारी येते. आणि त्याहून जास्त येते ज्यानं मला जन्माला घातलं त्याची.

त्याचं नाव गिरधरशेठ. धुळ्यात त्याचं कापसाचं जिन होतं आणि त्याला फोटोंचा नाद होता. हात चांगला होता त्याचा, हे मी नाकारत नाही. पण मला त्यानं नादापायी काढलं नाही. दिल्लीचा दरबार नुकताच होऊन गेला होता, आसपासच्या बड्या लोकांना रावसाहेबकी मिळत होती, आणि आपल्याही नावाला ते बिरुद चिकटावं म्हणून गिरधरशेठ तळमळत होता. इथल्या लोकांची चित्रं गोऱ्या साहेबांना फार आवडतात, असं त्याच्या कानावर आलं. झालं! बैलगाडीत तीन पायांचा कॅमेरा आणि काचांची पेटी टाकून तो गावोगाव निघाला.

सावद्याचे केळीवाले, तापीकाठचे नावाडी, कुंभार, विणकर, सगळे त्यानं काचेवर उतरवले. कुणाचं पागोटं काढायला लावलं, तर कुणाला नसलेली कुऱ्हाड धरायला दिली. एवढं होऊनही त्याला काहीतरी कमी वाटत होतं. एका विलायती पुस्तकात त्यानं म्हातारी चेटकीण पाहिली होती. आपल्याही पुस्तकात एक हवी, असं त्याच्या मनानं घेतलं.

ती त्याला सोनगीरला सापडली.

तो झुलाल पाटलाकडे उतरला होता. सकाळी किल्ल्याखालच्या वस्तीतून जाताना एक बाई दारात न्हाऊन केस वाळवताना त्याला दिसली. ही भागाबाई. विधवा, मुलगा वना आणि सून तानुबाई यांच्यासोबत राहणारी, दोन बिघे शेत कसणारी. लहानपणी देवी आल्यानं चेहऱ्यावर वण होते आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. तोंडानं मोठी फटकळ, पण शेंगा भाजल्या की गल्लीतल्या पोरांना ओंजळभर दिल्याशिवाय राहायची नाही.

"बाई, केस तसेच मोकळे असू द्या," गिरधरशेठ म्हणाला. "हातात सूप घ्या. आणि डोळे मोठे करून इकडे बघा. पापणी लवली की काच फुकट गेली!"

शेठची काच फुकट जाऊ नये म्हणून त्या भल्या बाईनं डोळे ताणून धरले. उन्हानं पाणी आलं तरी मिटले नाहीत. ती रोखलेली, भेदक नजर पुढे सगळ्या मुलखाला भीती घालून गेली. खरं तर तिनं फक्त सांगितलेलं ऐकलं होतं.

मुंबईत मी छापून झालो तेव्हा माझ्या त्या पानाखाली ओळी उमटल्या: 'खानदेशातील डाकीण, मुक्काम सोनगीर. इच्या दृष्टीने दुभती जनावरे आटतात व तान्ही मुले दगावतात, असा येथील अडाणी लोकांचा समज आहे.' तसला समज गावात कुणाचाच नव्हता. तो गिरधरशेठनं आपल्या गादीवर लोळत लिहिला होता.

पाहुणचाराची फेड म्हणून त्यानं माझी एक प्रत झुलाल पाटलाला धाडली. ती प्रत म्हणजे मी.

पाटलाच्या ओट्यावर शाळामास्तरांनी मला मोठ्यानं वाचायला घेतलं. भागाबाईचं पान आलं तशी माणसं वाकून वाकून बघू लागली. मास्तर 'मुले दगावतात'पर्यंत आले आणि एकच गलका उसळला. पुढचे शब्द त्यात बुडाले. ऐकू गेले असते तरी काय फरक पडला असता म्हणा! आधी चावा घ्यायचा आणि मग 'असा लोकांचा समज आहे' म्हणून तोंड पुसायचं, ही शिकलेल्यांची जुनी रीत.

"छापेल शे," कुणीतरी म्हणालं. "छापेल खोटं ऱ्हास का?"

गावात छापलेलं म्हणजे दोनच गोष्टी, पोथी आणि सरकारी हुकूम. दोन्हीपुढे मान झुकवायची सवय. त्या पावसाळ्यात पाटलाची म्हैस आटली. मग गोवर आला आणि पुना नावाच्या शेतकऱ्याचा एकुलता एक पोरगा त्यात गेला. पोराच्या दुःखानं वेडापिसा झालेला पुना पाटलाच्या ओट्यावर येऊन माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "हाई लिखेल व्हतं! आधीच लिखेल व्हतं!"

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर भागाबाईला पाहून बाया घागरी उचलून निघून जाऊ लागल्या. तानुबाईचे माहेरचे तिला न्यायला आले. तिला दिवस गेले होते. "मी कोठेच जावाव नही," असं सांगून तिनं त्यांना उंबऱ्यावरूनच परत लावलं. पण वना? पोटचा पोर! त्यानं आईच्या हातची भाकरी खाणं सोडलं. ताटावर बसायचा आणि तानुबाई वाढेपर्यंत हात मांडीवर ठेवून खाली बघत राहायचा. भागाबाईला ते कळत होतं. एकदा तिनं पुढे केलेली भाकरी तशीच टोपलीत परत ठेवली.

माझीही धिंड निघाली. पाटलाची बायको भिकुबाई हिनं 'घरमा डाकीन नको' म्हणून मला फडक्यात गुंडाळलं, वर लिंबाचा पाला आणि मिरच्या बांधल्या आणि गोठ्यात फेकून दिलं. शेणात पडून मी ऐकत होतो. ओट्यावर भगत बसला होता. अवसेला बाईला चिंचेच्या झाडाला उलटं टांगायचं, खालून मिरच्यांची धुरी द्यायची, म्हणजे ती आपल्या तोंडानं कबूल होईल, असं ठरत होतं. झुलाल पाटील हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. पानाला चुना लावत बसला होता. असल्या गप्प माणसांची मला भगतापेक्षा जास्त किळस आली.

सकाळी भागाबाई स्वतः गोठ्याच्या दारात उभी राहिली. "पाटील, मना फोटू असेल पुस्तक मले द्या."

"लई जाय," पाटील आतूनच म्हणाला.

तिनं मला उचललं, शेण पुसलं, मिरच्या सोडून टाकल्या. घरी तानुबाईनं ते पान काढलं. भागाबाईनं स्वतःला आरशाच्या तुकड्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ ती बघत राहिली.

"हाई मी शे का? फोटू ते चांगला उना, व!" मग खालच्या ओळींवर बोट फिरवत तिनं विचारलं, "यामा डाकीन कोनता अक्षरमा बठेल शे?"

सुनेलाही वाचता येत नव्हतं. दोघी त्या काळ्या मुंग्यांसारख्या ओळींकडे बघत राहिल्या. मग भागाबाईनं मला खट्‌कन मिटलं. "ज्यानी लिखं, त्यालेच इचारू."

आग्रा रोडनं दोघी पायी धुळ्याला निघाल्या. तानुबाईच्या डोक्यावर मी होतो.

गिरधरशेठ बंगईवर झोके घेत होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो हसला.

"अहो बाई, तो नुसता नमुना आहे. तुमचं नाव कुठं घातलंय मी?"

"थोबाड ते मनं शे ना, शेठ?"

"हे बघा, पुस्तकात एक डाकीण लागतेच. साहेबलोकांना आवडतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तेवढ्यात त्याची बायको प्रमिलाबाई नातवाला कडेवर घेऊन दारात आली. ही पुस्तकातलीच बाई, हे ओळखताच तिनं पोराचं तोंड पदरात लपवलं आणि भिंतीआड सरली. गिरधरशेठची बंगई थांबली. भागाबाईनं ते पाहिलं. मग ती अंगणातच मांडी घालून बसली.

"तुमना घरमा बी पटनं ना, शेठ. आते आयका. तुम्ही सोनगीरले येत नही तवलगुन मी आठेच बठसू."

ती ओरडली नाही, शाप दिला नाही. नुसती घराकडे बघत बसली, तेच वण, तोच फूल पडलेला डोळा. आत प्रमिलाबाईनं रडून घर डोक्यावर घेतलं. दुपारच्या जेवणाला चूल पेटली नाही. शेवटी शेठनं टांगा जोडायला सांगितला. न्यायापायी तो निघाला नाही, आणि लाजेपायी तर नाहीच. स्वतः छापलेल्या खोट्याला त्याचंच घर घाबरलं, म्हणून निघाला.

सोनगीरच्या चावडीपुढे सगळं गाव जमलं. गिरधरशेठनं घसा खाकरला. "मंडळी, छापखान्याची चूक झाली आहे. दुसऱ्या चित्राखालची ओळ या चित्राखाली पडली. या बाई डाकीण नाहीत."

मी मनात म्हटलं, लिहिलं तूच, आणि मुंबईच्या बिचाऱ्या खिळे जुळवणाऱ्यांच्या माथी मारतोस! पण चला, बाई सुटली. इतक्यात पुना पुढे आला. त्याचे डोळे रडून सुजले होते.

"मंग खरी डाकीन कोनती शे? ती दखाडा."

गिरधरशेठ गडबडला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्यानं मला उघडलं, अंगठा जिभेला लावला आणि तो पानं उलटू लागला. सूत काततानाची एक म्हातारी आली. ती पुढे गेली. मडकी विकणारी आली. तिथे तो क्षणभर थबकला, मग पुढे गेला. कुणाला पुढे करावं ते तो शोधत होता! घामेजलेलं ते बोट माझ्या पानांवरून, त्या मुक्या बायांच्या तोंडांवरून फिरत होतं, आणि मला वाटलं, आत्ता वाळवी लागून मी जागच्या जागी भुगा होऊन जावं. अमळनेरकडच्या एका दात पडलेल्या म्हातारीच्या पानावर बोट थांबलं. "बहुतेक ही..." तो पुटपुटला.

भागाबाईनं मला त्याच्या बोटासकट फाडकन मिटलं.

"हाई कोन शे?" तिनं विचारलं. "तुम्हले ठाऊक शे? मलेबी नही. पन तिले बी घर व्हई, सून व्हई." मग गावाकडे वळून, कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "भाऊसहो, मी डाकीन ऱ्हातू, ते पहिले या शेठलेच खाई टाकतू! दखा बरं, कसा गुटगुटीत शे!"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळी चावडी हसायला लागली. झुलाल पाटील हसला. भगतही हसला. कालपर्यंत चिंचेची फांदी हेरत असलेली माणसं आज पोट धरून हसत होती. बाई वाचली, पण त्या हसण्यानंही मला किळस आली. धुरीसाठी सुकत घातलेल्या मिरच्या अजून तशाच होत्या चावडीच्या अंगणात.

फक्त पुना हसला नाही. तो मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. भागाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. "मना हातन्या शेंगा खाये तुना पोऱ्या," ती हळूच म्हणाली. "मलेबी त्यानी याद येस रे." पुनानं मान वर केली नाही, पण उठूनही गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाया विहिरीवर 'भागामाय, भागामाय' करू लागल्या, जणू काही झालंच नव्हतं. तीही बोलू लागली. वनानं आईपुढे ताट सरकवलं, तेव्हा मात्र ती उठून बाहेर गेली. "तानु, वाढ त्याले." त्यानंतर मुलाला तिनं आपल्या हातानं कधी वाढलं नाही. नातू झाला, त्याला भरवलं, गल्लीतल्या पोरांना शेंगा दिल्या. वनाला नाही. मी त्यांच्या घरात कोनाड्यात होतो, रोज बघत होतो.

गिरधरशेठ पुढे रावसाहेब झाला. त्यानं माझी दुसरी आवृत्ती काढली. पाटलाकडे आलेली ती नवी प्रत कुणीतरी भागाबाईच्या घरी दाखवायला आणली आणि माझ्याशेजारी ठेवली. तेच पान, तेच केस, तेच सूप, तीच ताणलेली नजर. खाली छापलं होतं: 'खानदेशची प्रेमळ आजी.' शाळेत जाणाऱ्या नातवानं ते वाचून दाखवलं.

"हाई बी त्यानीच लिखं का?" भागाबाईनं विचारलं. मग म्हणाली, "मले इचारं नही."

ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. वनाही गेला. तानुबाई म्हातारी झाली. मीही झालो. माझी शिवण उसवली आहे, सोनं उडालं आहे, चित्रांवरचे पातळ कागद उंदरांनी नेले. तरी माझ्यातली माणसं अजून बघतात. वाचणाऱ्यांनो, एवढंच मागतो, असलं पुस्तक हातात आलं तर खालच्या ओळीवर तळहात ठेवा आणि आधी तोंड बघा, पुरेसा वेळ बघा. तुमच्याकडे कुणीतरी माणूस बघत असतं.

परवा, स्वराज्य येऊन थोडे दिवस झाले होते, जळगावहून एक खादीधारी तरुण कॅमेरा घेऊन दारात आला. भला दिसत होता. म्हणाला, "आजी, आता आपलं राज्य. आपल्या माणसांचं आपणच पुस्तक काढतोय. जरा उंबऱ्यावर बसा. पदर थोडा फाटका असला तर बरं."

तानुबाई उंबऱ्यावर बसली, पदर नीट केला आणि विचारलं, "खाले काय लिखशी?"

"ते नंतर ठरवू, आजी."

तानुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मंग फोटू बी नंतरच काढजो," असं म्हणून तिनं दार लोटून घेतलं.