चव

पहिला घास तोंडात गेला आणि काळुरामने पाण्याचा तांब्या ओढला.

"काय झालं नाना? तिखट लागलं?" कृतिका ओट्यापासून वळली.

"आग होतेय नुसती. चव तर कसलीच नाय." त्याने ताट सरकवलं.

कृतिकाने ताट उचललं. महिनाभर हेच चाललं होतं. सासू सगुणा जाऊन वर्ष होत आलेलं. मानपाड्याच्या या घरात आता तीच रांधायची. नवरा कमलेश गुपचूप जेवून उठायचा. सासरा मात्र दोन घासांत हात धुवायचा. त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"आईंच्या हाताची सर नाही माझ्या हाताला, माहितीये मला. पण उपाशी नका ना राहू!"

"तुला कोन बोललं गं पोरी?" काळुराम कसनुसा झाला. "मना भातपन कापसासारखा लागतो. हे बघ." त्याने आ केला.

जिभेवर, गालांच्या आत दही चिकटावं तसे पांढरे डाग होते. कडेला लाल झालेलं. कृतिकाचा राग तिथंच विरला. संध्याकाळी ती त्याला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली.

"बुरशी आहे ही," डॉक्टरीणबाई टॉर्च विझवत म्हणाल्या. "दम्याचा पंप घेता ना? घेतल्यावर चूळ भरता?"

"चूळ? नाय बा."

"त्या पंपातलं औषध तोंडात राहतं, त्याने होतं असं. पंप बंद करायचा नाही, फक्त दर वेळी खळखळून चूळ भरायची. हे औषध जिभेला, गालांना आतून लावायचं. लावल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. डाग गेले तरी मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. आणि शुगर एकदा तपासून घ्या."

कृतिका उठली. काळुराम बसूनच राहिला.

"चव येल ना परत?"

"येईल की."

"पैलेसारखी?"

"अगदी पहिल्यासारखी, आजोबा."

रिक्षात तो एकदम बोलायला लागला. सगुणा बोंबील आधी तव्यावर कसे शेकायची, शेतावर भाकरी घेऊन यायची तेव्हा बांधावरूनच वास कसा यायचा. ते शेत आता बिल्डिंगीखाली होतं. कृतिका ऐकत होती. वर्षभरात सासूचं नाव त्याच्या तोंडून तिने फारसं ऐकलं नव्हतं.

औषधासाठी तिला एकदाही मागे लागावं लागलं नाही. आरशासमोर उभा राहून तो स्वतःच नीट लावायचा, मग अर्धा तास तोंड मिटून गॅलरीत बसायचा. हळूहळू डाग विरले, आग थांबली. शुगरही ठीक निघाली.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "आज बोंबील कर. वांगं घालून. ती करायची तसं."

कृतिकाने बोंबील तव्यावर शेकले. लसूण ठेचून घातला, आंबटाला आमसूल टाकलं. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. ताट वाढलं आणि तिथंच उभी राहिली.

काळुरामने घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावला.

मीठ लागलं. लसूण लागला. आमसुलाचा आंबटपणा जिभेच्या कडांना झोंबला. सगळं होतं. रस्सा उत्तम झाला होता, पण तो सगुणाचा नव्हता. त्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा. सगुणाचा रस्सा कसा लागायचा ते तो आठवू लागला, आणि ते त्याला नेमकं आठवेना. इतके दिवस त्याला वाटत होतं, जीभ बरी झाली की ती चव आपोआप परत येईल.

"आली चव, नाना?"

"आली."

"आईंसारखं झालंय?"

काळुरामने आणखी एक घास घेतला.

"तुझं झालंय," तो म्हणाला. "ब्येस झालंय. अजून घाल. आन् तूपन बस, कवाची उभी हायेस."

कृतिकाने आपलं ताट आणलं, त्याच्यासमोर बसली. त्याने रश्श्याचं पातेलं तिच्याकडे सरकवलं आणि भाकरी मोडली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिने पाहिलं.

"तिखट झालं का?"

"नाय," काळुराम म्हणाला. "बरोबर हाय."

आणि त्याने ताटातलं सगळं संपवलं.