माझ्याच नावाचा आजार

मी एक जुना, निळा, लस वाहणारा डबा आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, माझा कुणावरही विश्वास नाही. कारखान्यात माझ्या भिंतींत जाड फोम भरला, झाकण घट्ट बसवलं आणि आतली थंडी सांभाळायचं काम दिलं. तेव्हापासून उन्हावर माझा संशय, झाकणाला लागणाऱ्या प्रत्येक हातावर संशय. बर्फावरसुद्धा! कारण माझ्यातली लस तापली तरी बाद आणि गोठली तरी बाद.

देगलूरकडच्या वाड्यांवर सालेहा सिस्टरच्या खांद्याला लटकून मी बरीच वर्षं फिरलो. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी एकदा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. पुढे पट्टा तुटला, तो मात्र सुतळीने बांधून भागवला.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. टँकर चार दिवसांआड येई. आपल्या भागाचा नवा जिल्हा झाला की पाणी येईल, असं पारावर बोलत. मला तेही खरं वाटत नव्हतं. मला पाहून लोक पुटपुटत, "आमाला प्यायला न्हाई, अन् डब्यात बर्फ!"

एकदा एका वाडीच्या अंगणवाडीत धुरपताबाई आपल्या दीड महिन्याच्या नातीला वजनाला घेऊन आल्या. तिला न्यूमोकोकल लशीचा पहिला डोस द्यायचा होता. सिस्टर सहज म्हणाली, "मावशी, बसा. डबा आलाय."

झालं! त्या भागात तान्ह्या मुलांच्या न्यूमोनियालाच 'डबा' म्हणतात. धुरपताबाईंनी नातीला पदराखाली ओढलं आणि दाराकडे निघाल्या. "डबा लेकरं नेतो. मी चालले."

सिस्टरला चूक कळली. ती आडवी गेली. "त्या डब्याला अडवायलाच ह्यो डबा हाय, मावशी."

"उघडून दाव."

सिस्टरने माझं झाकण उघडलं. ह्या बाईची नजर बर्फावर असणार! पण त्यांनी बर्फाकडे पाहिलंही नाही. "ही बाटली नासली न्हाई कशावरून?"

"बाटलीवरल्या ह्या खुणंतला चौकोन भवतालच्या गोलापरीस फिका हाय, तवर चांगली."

"टोचल्यावर डबा व्हतच न्हाई?"

हो म्हणणं सोपं होतं. सिस्टर म्हणाली, "न्हाई, सगळेच न्यूमोनिया अडत न्हाईत. पण एक जीवघेणा जंतू हाय, मेंदूतबी जातो. त्याचा धोका लई कमी व्हतो."

"ताप?"

"एखादा दिस यील. मांडी सुजंल, किरकिर करंल. टोचल्यावर अर्धा तास हितंच बसा. पुढचे डोस साडेतीन अन् नऊ महिन्याला. कवाबी धाप लागली, तर दवाखान्यात आणा. पोटाला चटके देऊ नका."

'चटके' ऐकताच धुरपताबाईंनी नातीचं पोट पदराने झाकलं. इतकी संशयी बाई मी पाहिली नव्हती, आणि मला ती फार आवडली. त्यांनी नातीला मांडीवर घट्ट धरलं. सुई टोचली, पोर कळवळून रडली.

अर्धा तास त्या माझ्याशेजारी बसून होत्या. मग माझ्या झाकणावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "माझा लेक केरबा डब्यानं गेला. पोटावर बिब्ब्याचे चटके म्याच दिले, ह्या हातानं. तवा कुठं होतास रं तू?"

ही लस तेव्हा आपल्याकडे नव्हतीच.

मित्रांनो, आता ती आहे. शंका घ्या, भांडून विचारा, पण दारातून मागे फिरू नका.