मी चालते, पण हे चालणार नाही

मित्रांनो, मला नाक नाही. तरीही किळस म्हणजे काय, ते मला विचारा. मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन. कारखान्यात ओतीव लोखंडातून माझं अंग घडलं, त्यावर काळाभोर रंग चढला, सोनेरी वेलबुट्टी उमटली. वाटलं होतं, आता रेशीम शिवायचं, मखमल शिवायची. नशिबात आलं अनाथ मुलींचं वसतिगृह.

तिथे मुली पाळीपाळीने माझ्यावर बसत. त्यातल्या एकीचे पाय खाली जेमतेम पोचायचे. तिला सगळ्याजणी चिमणी म्हणत. कुठून कुठून कपड्यांची गाठोडी यायची. ती सोडली की मुली हात मागे घ्यायच्या. घामाने पिवळ्या पडलेल्या बाह्या, तेलकट फ्रॉक, सैल पडलेली नाडी. आणणारे दारातूनच सांगायचे, "थोडं फाटलंय, पण यांना चालेल." चिमणी ते उसवायची, धुवायची, उलटं करून शिवायची. तरी घालताना तिचं तोंड कसनुसं व्हायचं.

तेव्हापासून 'चालेल' हा शब्द माझ्या डोक्यात जातो. दुरुस्तीवाले काका मला तेल घालून चाक फिरवायचे आणि म्हणायचे, "चालते हो, झकास चालते!" तेव्हा ऊर भरून यायचा. चालणं हा माझा धर्म. त्याच शब्दाची या लोकांनी पार रया घालवली होती.

चिमणी मोठी झाली. निघताना वसतिगृहाच्या बाईंनी मला तिच्यासोबत धाडलं. तिने माझ्या जिवावर घर उभं केलं, मुलाला शिकवलं. आज ती या घरातली आई आहे. मुलगा मोठ्या हुद्द्यावर पोचला, घरात तयार कपडे येऊ लागले आणि माझ्यावर छत्र्या, वर्तमानपत्रं, इस्त्रीला द्यायचे कपडे साचत गेले. माझ्या पट्ट्याला भेगा पडल्या. वाईट वाटलं, पण रागावले नाही.

मग मुलाने टूम काढली. परदेशातल्या एका अनाथाश्रमासाठी आणि तिथल्या गरीब वस्तीसाठी घरचीच संस्था काढायची, आईच्या नावाने. आईचे डोळे भरून आले. तिने माझ्यावरचा पसारा उचलला, मला तेल पाजलं, नवा पट्टा चढवला. "चल गं बाई, अजून काम संपलं नाही आपलं," ती म्हणाली. मी हरखले. आता कोरं कापड येणार!

आली ती खोकी. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले, सगळ्यांनी आपापली कपाटं झाडून घेतली होती. काय सांगू मित्रांनो! एकाच पायाचा बूट. काखेत कडक झालेले सदरे. नाक पुसून तसाच घडी घातलेला रुमाल. बिनडोक्याची बाहुली आणि तिच्या पोटात उंदराच्या लेंड्या. एका शर्टाच्या कॉलरवर कुणाचं तरी जेवण सांडून वाळलं होतं. माझी सुई तिथे रुतली, दोरा तुटला आणि मला ओकारी आली, म्हणजे खालचा सगळा गुंता वर आला.

"आई, इतकं बारीक काय बघतेस?" मुलगा म्हणाला. "उद्या खोकी जहाजावर चढवायची आहेत. वर चार बरे कपडे ठेवू फोटोपुरते, खाली हे."

"हे पोरांनी घालायचं?"

"अगं, तिकडे काय! त्यांना चालेल."

माझं चाक आईच्या हाताखाली थबकलं. आई कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. तिने तोच शर्ट झटकून त्याच्यापुढे धरला.

"तुझ्या मापाचा आहे. उद्या फोटोला घाल."

"काहीतरीच तुझं!"

"घाला की हो," मागून सून फिसकन हसली. "तुटलेलं बटण मी लावून देते."

त्याने हसत हसत शर्ट अंगाला लावला. कॉलर नाकाशी आली आणि त्याचं हसू मावळलं. "शी! काय घाण येतेय!" हात लांब करून त्याने तो दूर धरला.

"का रे? चालेल की," आई म्हणाली. "मला असाच मिळाला होता. रांगेत उभं राहून घेतला, वर हात जोडून आभारही मानले."

आईचं लहानपण कुठे गेलं, हे मुलाला ठाऊक होतं. त्याचा वास ठाऊक नव्हता.

"देवापुढे ठेवतो ते आपण निवडून ठेवतो ना? मग पोरांच्या वेळी हात का आखडतो?" आई म्हणाली. "या खोक्यांवर माझं नाव घालू नकोस."

दुसऱ्या दिवशीचं जहाज गेलं, आमच्या खोक्यांवाचून. मुलानेच ती एकेक करून उपसली, नाकाला रुमाल बांधून. सुनेने आश्रमात फोन करून मुलांची मापं मागितली. तिकडच्या बाईंना आधी उलगडाच होईना. मापं? आजवर कुणी विचारलीच नव्हती.

मग कोरं कापड आलं. मुलाने कात्री धरली, ती वाकडी चालली. सून त्याला हसत राहिली आणि आई माझ्यावर बसली. आमचं पहिलं खोकं निघालं ते लहानसं, एकुलतं एक. त्यावर आईने स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणाला काही द्याल. तेव्हा बांधण्याआधी ते एकदा आपल्या अंगाला लावा, नाकाशी धरा. तुम्हाला तर नाक आहे.

तो शर्ट? आईने उकळत्या पाण्यात घालून त्याचं फडकं केलं. काम संपलं की त्याने माझ्या अंगावरचं तेल पुसतात. तेवढं मला चालतं.