साकवाचा राखणदार

गौरेशने आयुष्यात एकच गोष्ट धड केली, आणि तीही फुकट वाटून टाकली. कंपन्यांमधली वीस-वीस वर्षांची जुनी सॉफ्टवेअरं नव्या सॉफ्टवेअरशी बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये माहितीची ने-आण करणारं एक छोटं अवजार त्याने लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘साकव’. साकव म्हणजे लाकडी पूल, त्याच्या मुळगावच्या ओहोळावर होता तसला, एका वेळी एक माणूस जाईल एवढा. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा, कुणीही उचलावा आणि वापरावा. लोकांनी उचलला की. बंगळूरच्या, जर्मनीच्या, कुठल्या कुठल्या कंपन्यांचा कारभार त्या साकवावरून ये-जा करू लागला. त्यातल्या एकाने कधी आभाराचं ‘देव बरें करूं’ म्हटलं असेल तर शपथ.

उलट तक्रारी मात्र रोज. हे चालत नाही, ते कधी दुरुस्त करणार, आमचं काम तुमच्यामुळे अडलंय. जणू गौरेश यांच्या बापाचा गडी. अशा अवजाराची देखभाल करणाऱ्याला इंग्रजीत मेन्टेनर म्हणतात. गौरेश स्वतःला राखणदार म्हणे. गाव राखणाऱ्या देवालाही राखणदारच म्हणतात, त्याला वर्षाला निदान एक नारळ तरी मिळतो. याला तोही नाही.

पोटासाठी गोव्यातल्या साखळी गावात एका हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्याचा क्लास होता. आईबाप मुलांना घेऊन येत आणि विचारत, सर, यंदा कशाला मागणी आहे? एका वर्षी तो जावा सांगे, दुसऱ्या वर्षी क्लाउड, आणि आता दोन वर्षं एआयशिवाय दुसरं नावच नाही. त्यातलं पुष्कळसं तो स्वतः आदल्या आठवड्यात शिकलेला असे. वारा येईल तसं सूप धरायचं, दुसरं काय करणार? जीव ओतून शिकवावं असं त्याच्यापाशी एकच होतं, साकव. आणि ते जीव ओतून शिकणारी एकच मुलगी त्याला मिळाली, श्रद्धा.

श्रद्धाचा बाप सखाराम दोडामार्गकडचा. खाणीच्या ट्रकांवर ड्रायव्हर म्हणून इकडे आला, खाणी बंद पडल्या, ट्रक रस्त्याकडेला गंजले, तेव्हा साखळी-पणजी बसवर लागला. मुलगी साकवाच्या कोडातल्या चुका सरांच्या आधी शोधायची. पर्वरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला तिने साकवच उघडून दाखवला आणि नोकरी घेऊन आली. सखारामने त्या दिवशी बसमधल्या प्रत्येकाला पेढा दिला. नोकरी अजून कायम व्हायची होती. ती झाली की घरातल्या चौघांना बाप वयाच्या साठीत स्टिअरिंगवर बसलेला बघावा लागणार नव्हता, एवढं साधं गणित होतं.

त्या कंपनीकडे दवाखान्यांची जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचं काम आलं. परदेशी अवजार विकत घ्यायचं घाटत होतं. श्रद्धाने साहेबांना सांगितलं, आमच्या सरांचं आहे, मोफत आहे आणि मला आतून-बाहेरून ठाऊक आहे. साहेब खूश. साकव बसला, कामाला लागला. नवी आवृत्ती निघाली की ती तपासून मगच घ्यायची, असा सगळीकडे नियम असतो. श्रद्धाने ती आपोआप येईल अशी सोय केली. सरांचं काय तपासायचं?

आता ओरेनचं सांगायला हवं. हा कोण, कुठला, खरं नाव हेच का, काही माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी साकवाच्या इंटरनेटवरच्या पानावर आला आणि न मागता मदत करू लागला. तक्रारींना उत्तरं द्यायचा, चुका दुरुस्त करून पाठवायचा, आणि तेही नम्रपणे. बाकीचे सगळे वसावसा अंगावर येणारे, त्यात हा एकटा ‘तुम्ही दमला असाल’ असं लिहिणारा. गेल्या वर्षी गौरेशने चवथीमुळे पाच दिवस उत्तर देणार नाही असं कळवलं, तर ओरेनने विचारलं, चवथ म्हणजे काय? गौरेशने गणपतीच्या वर बांधलेल्या, रानफळांनी भरलेल्या माटोळीचा फोटो पाठवला. त्यावर ओरेनने एकेका फळाचं नाव विचारलं. हे लाल कुठलं? हे वेलीवर आलेलं का? गौरेशने कवंडळ, कांगणां, तोरिंग, घागऱ्या सगळं खुलवून सांगितलं. त्याच्या स्वतःच्या भाच्यांनी कधी वर मान करून माटोळीकडे बघितलं नव्हतं. अहो, माणूस विरघळणार नाही तर काय?

यंदा चवथ तोंडावर आली आणि एका कंपनीने धोशा लावला, ही दुरुस्ती याच आठवड्यात पाहिजे. गौरेशला माटोळीचं सामान आणायला रानात जायचं होतं, मोठ्या भावाचा पाय प्लास्टरात होता, आणि गेली कित्येक वर्षं त्याला एक रात्र धड झोप नव्हती. ओरेनने लिहिलं, तुम्ही सण करा, मी बघतो. आमच्याकडे बाहेरगावी जाताना घराची चावी शेजाऱ्याकडे देतात, त्यात कुणी विचार करत बसत नाही. गौरेशने तसंच केलं. नवी आवृत्ती बाहेर सोडायचा अधिकार त्याने ओरेनला दिला आणि कोयता घेऊन रानात गेला. त्या दिवशी त्याला फार हलकं वाटलं.

गणपती बसला, नेवऱ्या तळून झाल्या, आरत्या झाल्या, आणि पाचव्या दिवशी विसर्जनाहून ओल्या कपड्यांनी परततो तोच श्रद्धाचा फोन.

“सर, नवी आवृत्ती तुम्ही सोडलीत?”

“का गो?”

“त्यात काहीतरी आहे. रोग्यांची नावं, फोन, आजार, सगळं बाहेर कुठेतरी जातंय. तीन दिवस जातंय.”

गौरेशने लॅपटॉप उघडला. चार ओळी होत्या. इतक्या सफाईने लपवलेल्या की त्या सापडायला त्यालाही तीनदा वाचावं लागलं. ओरेनला निरोप पाठवला, तर ते खातंच नाहीसं झालेलं. दोन वर्षांचा नम्रपणा आणि माटोळीची चौकशी या चार ओळींसाठी होती. गौरेशने ती आवृत्ती मागे घेतली, जगाला सावध करणारी सूचना लिहिली, आणि मग कुठे ओले कपडे बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पर्वरीला गेला. कंपनीचा साहेब श्रीनाथ त्याच्याच कॉलेजचा, दोन वर्षं पुढचा. त्याने चहा मागवला, आस्थेने घरची चौकशी केली.

“चूक माझी आहे,” गौरेश म्हणाला. “मी परक्या माणसाला अधिकार दिला. पाहिजे तर लिहून देतो. पोलिसांत द्यायचं तर द्या. पोरीचा यात काही संबंध नाही.”

श्रीनाथने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. साकवाबरोबर जाणारा परवाना होता तो. असले परवाने सगळे राखणदार कुठून तरी उचलून चिकटवतात, गौरेशनेही चिकटवला होता. हे अवजार आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही, काही नुकसान झालं तर लिहिणारा जबाबदार नाही, वापरणाऱ्याने आपल्या जोखमीवर वापरावं.

“तुझ्यावर काहीच येत नाही,” श्रीनाथ म्हणाला. “निश्चिंत घरी जा.”

“मग कोणावर येतं?”

“ज्याने निवडलं त्याच्यावर. न तपासता ज्याने आत घेतलं त्याच्यावर. गिऱ्हाइकाला एक नाव द्यावं लागतं रे. काल रात्रीच दिलं.”

“तिला काढलंत?”

“कायम व्हायची होती, त्यामुळे फार कटकट नाही झाली.” श्रीनाथने कप खाली ठेवला. “साकव मात्र आम्ही ठेवतोय हां. आधीची आवृत्ती. त्याच्यासारखं दुसरं काही बाजारात नाही.”

मारावं असं वाटलं, पण कोणाला? गौरेश कसाबसा जिना उतरला. स्वतःचा गुन्हा कबूल करायला गेलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं होतं.

तो तसाच साखळीला, सखारामच्या भाड्याच्या खोल्यांवर गेला. सखाराम घरीच होता. श्रद्धा दाराशी टेकून उभी, रडून तोंड सुजलेलं. गौरेशने बसायच्या आधीच सांगून टाकलं. ओरेनचं, अधिकाराचं, चार ओळींचं, सगळं.

सखारामने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याचेच डोळे भरले.

“सर, तुमी मोठे,” तो म्हणाला. “पोरांची चूक मास्तर आपल्यार घेता, असा आजकाल कोण करता? माका त्या यंत्रातला कायएक कळणा नाय, पण ह्या कळता.”

“नाही हो सखारामभाऊ, मी खरंच सांगतो. चूक माझीच.”

“ऱ्हवांदे, ऱ्हवांदे. तिचा चुकला, ता माका तिच्या सायबान फोनार सांगल्यान.” तो मुलीकडे वळला. “बघ गो, सर तुझ्यासाठी कसे उन्हातसून धावत इले ते. आता रडान उपयोग नाय. सर, तिका दुसरा कायतरी शिकवा. तुमी सांगशात ता शिकात ती. परत पयल्यापासून.”

तिचं नाव आता पणजीपासून पुण्यापर्यंत प्रत्येक कंपनीत पोचणार होतं, हे त्याला ठाऊक होतं. कितीही शिकवलं तरी तिला दारात कुणी उभं करणार नव्हतं. तरी त्याची मान हलली. बापाच्या तोंडाकडे बघून नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

“पाया पड सरांच्या,” सखाराम म्हणाला आणि चहाचं सांगायला आत गेला.

श्रद्धा पुढे आली, वाकली. गौरेशला पाय मागे घ्यायचे होते, पण मागे भिंत होती. ती उठली आणि बापाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

“सर, मी चवथीला इथेच होते. कंपनीने रजा दिली नव्हती. साकव मला तुमच्याइतकाच येतो, तुम्हीच म्हणायचात. मग पाच दिवस माझ्याकडे का नाही दिलात?”

दोन वर्षांत, कितीही दमला तरी, श्रद्धाचं नाव एकदाही गौरेशच्या मनात आलं नव्हतं. बापाने आतून विचारलं, सरांका साकर कमी की जास्त, तेव्हा श्रद्धाच म्हणाली, “कमी.”