सांग त्याला, चोक ओढ म्हणावं

आमच्या घरात अकरा दिवस अबोला होता आणि त्याचं कारण मागच्या शेडमध्ये चार पायांवर उभं होतं. मामंजींचा जुना जनरेटर नवऱ्याने भंगारात दिला आणि त्या जागी नवा आणला. न विचारता. मामंजी चाळीस वर्षं मोटार मेकॅनिक. त्यांनी नव्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "या डबड्याला मी मरेपर्यंत हात लावणार नाही. थंडी पडू दे, मग कळेल."

नवरा म्हणाला, "तुमचा तो सुरू करायला तीन माणसं लागायची."

झालं. बापलेकांचं बोलणं बंद. सासूबाई चौथ्या दिवशी कंटाळून लेकीकडे निघून गेल्या. उरले मी. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा, दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला आणून द्यायचं. मीठ कमी आहे हेसुद्धा दोघं मलाच सांगायचे, एकाच पातेल्यातलं खाऊन.

बाराव्या दिवशी सकाळी साडेसहाला लाइट गेली. मागच्या खोलीत माझं अंडी उबवायचं यंत्र होतं, त्यात तीनशे अंडी होती आणि तो एकविसावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. काही अंड्यांना बारीक तडे गेले होते, आतून चिवचिव ऐकू येत होती. माझी पहिली खेप माझ्याच चुकीने वाया गेली होती; उष्णता जास्त ठेवली आणि तीनशेच्या तीनशे अंडी खड्ड्यात पुरावी लागली. ही खेपही गेली तर धंदा सोडायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला बोलले नव्हते एवढंच.

घरातली प्रत्येक रजई मी यंत्रावर टाकली, मामंजींच्या अंगावरचीसुद्धा ओढून आणली, आणि शेडकडे धावले. बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती.

नवरा जनरेटरची दोरी ओढत होता. खर्रर्र. काही नाही. पुन्हा खर्रर्र. साधा खोकलासुद्धा नाही. मामंजी कानाला मफलर गुंडाळून, हाताची घडी घालून दारात उभे होते. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"सूनबाई, सांग त्याला, थंडीत चोक ओढावा लागतो म्हणावं."

दोघांमध्ये अंतर चार हात. मी म्हणाले, "अहो, चोक ओढा म्हणतायत."

"सांग त्यांना, ओढलाय. मलाही कळतं."

"मामंजी, त्यांना कळतं म्हणे."

"ऐकलं मी. बहिरा नाही म्हणावं."

मग मामंजींचा निरोप आला की ऑइल थंडीने घट्ट झालं असेल, शेक द्या. मी गॅसवर पाणी तापवलं, फडकी भिजवून आणली आणि इंजिनाला पट्ट्या ठेवत बसले. आजारी माणसाचीसुद्धा मी इतकी सेवा केलेली नाही. दोरी ओढली. खर्रर्र. मधेच जाऊन यंत्राचा काटा पाहिला. साडेसदतीस अंशांवरून पस्तीसवर आला होता. तीसच्या खाली गेला की संपलंच.

आता नवऱ्याला प्लगची शंका आली. त्याने पान्याने प्लग काढला, बोटाने चाचपला आणि खुशीत म्हणाला, "कोरडा ठणठणीत आहे! जरासुद्धा ओला नाही. म्हणजे प्लग उत्तम, फक्त गारठलाय."

मामंजींच्या तोंडावरचं समाधान त्याच क्षणी उतरलं. मला वाटलं, थंडी बाधली.

प्लग तव्यावर टाकून मी भाजून काढला. नवरा शेडमधून ओरडत होता, "करपवू नकोस!" पक्कडीत धरून गरमागरम आणला, बसवला, ओढला. खर्रर्र.

"सूनबाई," मामंजी चाचरत म्हणाले, "विचार त्याला, पेट्रोल..."

"टाकी गळ्यापर्यंत भरलीय म्हणावं."

"तसं नाही. म्हणजे, ते पुढे जातं का?"

"टाकीतून नाही जाणार तर कुठे राहणार? उगाच काहीतरी काढू नका म्हणावं."

मामंजींनी कानावरचा मफलर आणखी घट्ट केला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी पुन्हा आत गेले. काटा बत्तीसवर. रजया बाजूला करून कान लावला, तर चिवचिव अगदी बारीक झाली होती.

परत आले ती फुटलेच. "आजपासून निरोप बंद! ज्याला जे बोलायचंय ते त्याने स्वतःच्या तोंडाने बोलावं. आत जिवंत पिल्लं गार पडतायत आणि मी इथे दोन घोड्यांचा दुभाषा झालेय! ही गेली ना, तर पुन्हा अंड्याचं नाव काढणार नाही मी." आणि मला रडू कोसळलं.

मग मामंजी पुढे आले. गुडघे मोडत खाली बसले, टाकीखाली हात घातला आणि न बघता एक छोटीशी कळ आडवीची उभी केली.

"ओढ," ते म्हणाले. मला नाही, मुलाला.

तिसऱ्या ओढीला जनरेटर असा धडधडला की पत्रे थरथरले.

"म्हणून प्लग कोरडा! पेट्रोलचा कॉक बंद होता?" नवरा त्या आवाजात ओरडला. "कुणी केला?"

"मी!"

"काय?"

"मी केला! पेट्रोल साचून राहिलं की कार्बोरेटर खराब होतो! आत उरलेलं होतं तेही काढून टाकलं होतं!" शेजाऱ्याने खिडकी उघडली. मामंजींचा कबुलीजबाब अख्खी गल्ली ऐकत होती.

"तुम्ही तर हात लावणार नव्हता!"

"दुपारी लावायचो! तू कामावर गेल्यावर!"

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. शेडमधल्या खोक्यांवर, डब्यांवर बोटभर धूळ होती, आणि जनरेटर ताटासारखा लख्ख पुसलेला होता.

मी आत धावले. काटा चढत होता. अर्ध्या तासात पहिलं पिल्लू ओलंचिंब, धडपडत बाहेर आलं आणि मी त्याला बघून वेड्यासारखी हसले. संध्याकाळपर्यंत दोनशे एकसष्ट झाली. पण ती बातमी द्यायला मी शेडकडे गेले, तेव्हा दारातच थांबले.

मामंजी डब्यावर बसले होते. नवरा इंजिनाशी ओणवा होता.

"बाबा, चोक आता किती ढकलू?" तो विचारत होता.

इंजिन तापलं की चोक परत आत ढकलायचा असतो, आणि तो सकाळपासूनच पूर्ण ढकललेला होता.

"थोडा," मामंजी म्हणाले. "थोडाच ढकल."

आणि त्याने चोकला नुसता हात लावून तसं केल्यासारखं दाखवलं.