यान आजींचं गोड बोलणं

यान आजी गोड बोलायला लागल्या की समजावं, आपण परके. पाहुण्याला त्या म्हणतात, "या, बसा, किती कष्ट घेतलेत." घरच्याला म्हणतात, "मेल्या, दार लाव, थंडी आत येतेय." शेजारीण म्हणून मी जन्मभर त्यांच्या शिव्या खाल्ल्यात आणि मला त्याचा अभिमान आहे.

म्हणूनच त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी सकाळी त्या अंगणात आल्या आणि छ्योंगफांगला म्हणाल्या, "किती छान चाललंय हो तुमचं," तेव्हा माझ्या हातातली वाफवायची टोपली सुटायचीच बाकी होती.

छ्योंगफांग आमच्या आचाऱ्यांच्या टोळीची मुख्य. लग्न असो, बाळाचा महिना भरो, खोऱ्यातली नऊ वाडग्यांची पंगत तिच्याच हातची. मी तिच्याकडे टोपल्या रचते. पण त्याआधी ती याच घरची थोरली सून होती. मिंगछ्वान, आजींचा थोरला, पुलाच्या कामावर गेला तो परत आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. काही वर्षं तिनं सासूजवळ काढली आणि मग थान नावाच्या तीनचाकीवाल्याशी लग्न केलं. आजी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दारात उभं राहून एवढंच म्हणाल्या, "सांभाळून जा हं. आमच्याकडे तुमचे फार हाल झाले."

तुमचे! जिला उठल्यासुटल्या "अगं ए आळशे" म्हणायच्या, तिला "तुम्ही". छ्योंगफांग मला नंतर म्हणाली, "काकू, झाडूनं बडवलं असतं तरी चाललं असतं." त्यानंतर तिनं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. यंदा धाकट्या मिंगफूनं आईला न विचारताच तिला पंगत सांगितली आणि ती लगेच हो म्हणाली. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. एक शिवी हवी होती.

सकाळपासून ती राबत होती. आंबवलेल्या मोहरीच्या पाल्यावर मांसाचे काप रचले, तांदळाच्या भरड्यात घोळवलेली बरगडी वाफेला लावली, गोड चिकट भातावर खजूर मांडले, डुकराची अख्खी मांडी टोपलीत ठेवली. आजी मधूनमधून यायच्या, झाकण उचलायच्या आणि म्हणायच्या, "वा, तुमच्या हाताला चव आहे." प्रत्येक 'वा'सरशी छ्योंगफांगचा चेहरा उतरत होता. एकदा तिनं मुद्दाम एका वाडग्यातले काप वेडेवाकडे रचले. माझ्या डोळ्यांदेखत! आजींनी ते पाहिलं, जुन्या सवयीनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि हसून म्हणाल्या, "असंही छान दिसतं." मला तर आजींचा असा राग आला की काय सांगू.

पितरांपुढे ठेवायचा मांसाचा चौकोनी तुकडाही तिनंच उकडला. मागच्या पायाचा, चरबी आणि मांस जोडीनं असलेला, तिनं स्वतः निवडून आणलेला. पण आत नेऊन ठेवला तो मिंगफूनं. भिंतीवर मिंगछ्वानचा फोटो होता, उदबत्त्या लागल्या होत्या. पगारी माणसानं तिथं जायचं नसतं. छ्योंगफांग उंबऱ्याबाहेर ओले हात पुसत उभी राहिली, मग वळून पातेल्यांकडे गेली. पितरांचं झालं की तो तुकडा घरचीच माणसं खातात, आणि आम्ही पंगतीतलं उरलंसुरलं.

दुपारी पाहुणे बसले. टोपल्यांची उतरंड उघडली आणि अंगणभर अशी वाफ झाली की शेजारचं माणूस दिसेना. त्या वाफेत मागून आवाज आला, "मांडी मऊ शिजली का?"

"शिजली, आई," छ्योंगफांग म्हणाली.

वाफ विरली तेव्हा आजी तिच्यामागे उभ्या होत्या आणि पुढच्या टेबलांवरच्या माना वळल्या होत्या. छ्योंगफांगनं जीभ चावली. दुसरं लग्न केल्यावर आधीच्या सासूला 'मावशी' म्हणायचं असतं, हे काय तिला माहीत नव्हतं? पण तोंडाला कोण शिकवणार!

तेवढ्यात पाहुण्यांतला तर्र झालेला कुआंग ओरडला, "आली रे आली, हुइगुओरौ!"

सगळं अंगण खिदळलं. हुइगुओरौ म्हणजे एकदा उकडून पुन्हा कढईत घातलेलं मांस. सोडून गेलेलं माणूस परत आलं की आमच्याकडे हाच टोमणा. पळीभर रस्सा कुआंगच्या टकलावर ओतावा असं मला वाटलं. आजी वळल्या आणि घरात गेल्या.

पाहुणे पांगले तशी छ्योंगफांग भराभर भांडी आवरायला लागली. "चल काकू, उजेड आहे तोवर निघू." बाहेर पपनसाच्या झाडाखाली थान तीनचाकीवर बसून होता. सकाळी भांडी उतरवली तेव्हापासून त्यानं फाटकाच्या आत पाय ठेवला नव्हता.

आजी आल्या त्या कमरेला फडकं बांधून. हातात ताटली, ताटलीत पितरांपुढचा तो तुकडा. त्यांनी कढई चुलीवर ठेवली आणि मागे न बघता म्हणाल्या, "लसणाची पात चीर."

चीर. चिरा नव्हे. छ्योंगफांगनं माझ्याकडे पाहिलं, मी मानेनं हो म्हटलं. ती चिरायला लागली.

"अगं ए! एवढी लांब? डुकराला घालायचीये का? नवा नवरा केलास आणि चिरायचं विसरलीस?"

सुरी थांबली. छ्योंगफांग खाली मान घालून नुसती उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले.

"त्या पातीवर रडू नकोस, खारट होईल," आजी म्हणाल्या. "आणि सकाळी ते वाडगं कसं रचलं होतंस? आंधळी म्हातारीसुद्धा बरं रचेल. दिवसभर माझी जीभ नुसती खाजत होती."

तुकड्याचे काप होऊन कढईत पडले, चरबी सुटली, कडा वर वळून पणत्या झाल्या. आजींनी लाल तिखटाची आंबवलेली चटणी घातली, पात घातली. कढई हलवताहलवता म्हणाल्या, "तो कुआंग म्हणे हुइगुओरौ. गाढव कुठला. पहिल्यांदा शिजतं ते पितरांचं. पुन्हा कढईत येतं तेच घरच्यांच्या ताटात पडतं. एवढं कळू नये?"

मिंगफूनं टेबल मांडलं. आजींनी वाडगी मोजली आणि भडकल्या.

"पपनसाखाली कोण बसलाय तो? त्याला काय वाजतगाजत आणायचं? बोलाव!"

थान टोपी हातात धरून आला. उंबऱ्याशीच थांबला, वाकून म्हणाला, "मावशी, वाढदिवसाच्या..."

"पायाला चिखल किती! पूस आधी. आणि पुन्हा असा फाटकाबाहेर बसलास तर कुत्र्याबरोबर वाढीन तुला. बस तिथं, मेल्या."

थाननं घाईघाईनं पाय पुसले. बिचारा पार भेदरला होता. छ्योंगफांगशेजारी बसत तो हळूच कुजबुजला, "फार रागावल्यात का गं माझ्यावर?"

छ्योंगफांगनं त्याच्या भातावर मांसाचा एक काप ठेवला. डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"हो," ती म्हणाली. "फार."