कॅनवरची रेघ

सुलोचनानं फ्रिजचं दार बोटभरच उघडलं, थर्मामीटर ओढून घेतला आणि दार लगेच गुडघ्यानं लोटलं. पारा अकरावर होता. काल नऊ होता, परवा आठ. लस आठाच्या वर जाऊ द्यायची नाही, हे ट्रेनिंगमध्ये तिच्याकडून इतकं घोकून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी तिनं सांगितलं असतं.

"किती हाय जी, बाई?" गाडीच्या मागच्या पायरीशी उकिडवा बसून ड्रायव्हर डोमा फ्रिजच्या धुराड्याची काजळी काढत होता.

"अकरा."

डोमानं वाकून फ्रिजच्या पोटाखाली पाहिलं. "जोत तं निळी हाय. मंग काहून वाढून राहिलं?"

हेच तर तिला त्याला विचारायचं होतं. त्याच्या रॉकेलनं चोपडलेल्या हातांकडे तिनं नीट पाहून घेतलं.

शहाऐंशी सालचा मे महिना होता आणि फिरत्या दवाखान्याचा मुक्काम चिखल्याच्या खाण कॉलनीत होता. फिरता दवाखाना म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन. तिच्यात एक बाक, एक औषधांचं कपाट आणि रॉकेलवर चालणारा फ्रिज. खाली जोत पेटते आणि वर बर्फ जमतो, याचं कॉलनीतल्या बायांना मोठं नवल. प्रवासात जोत विझवायची, मुक्काम आला की गाडी सपाट उभी करून पुन्हा पेटवायची, कारण हा फ्रिज जरा कलला की रुसतो. ते काम डोमाचं. तो फ्रिजच्या डोक्यावर काठोकाठ पाण्यानं भरलेली थाळी ठेवायचा आणि चाकांखाली चपटे दगड सरकवत, पाणी चारही काठांना सारखं लागेपर्यंत गाडी पुढंमागं करायचा. "धानाच्या रोवन्याच्या आधी बांधीतलं पानी असंच पाहा लागते," म्हणायचा. कधी कधी अर्धा तास लागायचा. सुलोचनाला पहिल्या वर्षी त्याचं कौतुक वाटलं होतं.

आता तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. रोज बाराच्या ठोक्याला, सकाळची लस टोचून झाली की डोमा रॉकेलची कॅन उचलायचा आणि खाणीच्या हत्यारांच्या शेडकडे निघून जायचा. यायचा तीनला. कुठं जाता म्हणून तिनं एकदा विचारलं, तर "इथंच, शेडीकडं," एवढंच. तीन तास कॅन घेऊन शेडकडे माणसाचं काय काम असतं? कोट्याचं रॉकेल मिळवायला लोक सकाळपासून रांग लावत. आणि हा भरलेली कॅन घेऊन फिरायला जातो.

डोमा कारध्याचा. नोकरी लागली तेव्हा सुलोचनाच्या सासूनं विचारलं होतं, "डायवर कोनाचा हाय?" कारध्याच्या बुद्धवाड्यातला, हे ऐकून सासूनं नुसती मान हलवली होती. त्या वेळी सुलोचनाला राग आला होता. आज ती हलवलेली मान तिला पुन्हा पुन्हा आठवत होती, आणि राग येत नव्हता.

तिची छकुली दहा महिन्यांची, आंधळगावला सासूपाशी. गडबडीत छकुलीची काजळाची डबी तिच्याच पिशवीत आली होती. सकाळी डोमा विहिरीवर गेल्याचं पाहून तिनं करंगळीनं पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनवर, तेलाच्या पातळीशी, बारीकशी रेघ ओढली. लेकराच्या डोळ्यात घालायचं काजळ ते. करताना तिचं तिलाच कसंसं झालं. पण गोवराची सुई छकुलीलाही मागल्या महिन्यात याच फ्रिजमधून दिली होती. ती सुई तरी थंड होती का, कोण सांगेल?

बारा वाजले. डोमा कॅन घेऊन गेला. ऊन गाडीच्या मागच्या बाजूला आलं. सुलोचनानं रोजच्यासारखा फ्रिजमागच्या वरच्या जाळीवर तळहात ठेवला. आतून येणारी हवा चटका देत होती. तापानं फणफणलेल्या लेकराचं कपाळ जसं लागतं तसं. तिनं बायांना बसायला अंथरायचं तरटाचं पोतं बादलीत बुडवलं, पिळलं आणि जाळीवर घट्ट ताणून बांधलं. घरी रांजणाला बांधतात तसं. मुक्काम पडल्यापासून ती हे रोज करत होती. पोतं वाळलं की अडीचच्या सुमारास काढायची आणि झाडून पुन्हा सावलीत अंथरायची. फ्रिजची काळजी या गाडीत निदान एक माणूस तरी घेतं, असं तिला वाटायचं.

तीनला डोमा आला. तो हातपाय धुवायला गेला तेव्हा तिनं कॅन फिरवून पाहिली. तेल रेघेच्या दोन बोटं खाली होतं. फ्रिजच्या टाकीत सकाळपासून थेंब ओतलेला नव्हता.

नातवाला सुई टोचून घ्यायला शकुनबाई आली होती. तिचा नवरा खाणीत. सुलोचनानं सहज विचारल्यासारखं करून विचारलं. शकुनबाई लुगड्याच्या पदरानं वारा घेत म्हणाली, "तुमचा डायवर? तो तं शेडीमांगं कॅन कलवून बसला होता जी. कोनाले देत होता का काय, म्या काई जाऊन नाई पाह्यलं. पन मातीचं तेल आजकाल कोन सोडते?"

सुलोचनानं त्याच दुपारी तुमसरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. फ्रिज तापतो आहे, रॉकेल कमी होत आहे, ड्रायव्हर डोमा यांच्यावर संशय आहे, माणूस बदलून मिळावा. डिंक नव्हता. डब्यातल्या भाताचं शीत बोटानं चेचून तिनं चिठ्ठी चिकटवली. तुमसरला जाणारा खनिजाचा ट्रक फाटकाशी उभा होता आणि तिच्यापुढं चार बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. ती उठावं की नको करत असतानाच डोमा पुढं आला.

"डॉक्टरसायेबाची हाय न? द्या, मी देऊन येतो."

नाही म्हणायला तिला कारण सापडलं नाही. तिनं चिठ्ठी दिली. तो ती वरच्या खिशात घालून फाटकाकडे गेला. ट्रकच्या खिडकीशी तो बराच वेळ मान वर करून बोलताना दिसला. तेव्हाही तिला वाटलं, इतकं काय बोलतो आहे?

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमारास जीप आली. डॉक्टर उतरले आणि त्यांच्यामागून भंडाऱ्याचा फ्रिज मेकॅनिक हिरालाल, हातात हत्यारांची पेटी. डोमा नव्हताच. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सुलोचनानं नुसतं शेडकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिकडं माणूस पाठवला.

हिरालाल गुडघ्यावर बसला. जोत पाहिली, वात पाहिली, धुराड्यात बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. पाण्याची थाळी मागवून फ्रिजवर ठेवली आणि तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "सायेब, येवढी लेव्हल तं आमच्या दुकानात नाई राहत. मशीन बरोबर हाय."

इतक्यात डोमा आला. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात गढूळ पाण्यानं अर्धी भरलेली बाटली, खांद्यावर तेलकट धोतराचा तुकडा. कुठं होतास, या डॉक्टरांच्या प्रश्नावर त्यानं बाटली पुढं केली. कोट्याच्या तेलात पाणी येतं, गाळ येतो. वात ते पाणी ओढते आणि जोत फडफडते. म्हणून तो तेल थिरावू देतो, मग धोतरातून गाळतो आणि तळचं पाणी वेगळं काढतो; तेवढी कॅनमधली पातळी उतरते. फ्रिज तापायला लागल्यापासून तो जास्तच गाळत होता. इथं सावलीत का नाही गाळत, असं डॉक्टरांनी विचारलं.

"बाईनं मांगं सांगतलं होतं न जी, कापसाले मातीच्या तेलाचा वास लागते म्हून. तवापासून दूर जातो."

सुलोचनाला आठवलं. दोन वर्षांपूर्वी ती एकदाच, वैतागून बोलली होती.

हिरालाल गाडीला वळसा घालून मागं गेला आणि तिथूनच ओरडला. सगळे गेले. जाळीवर पोतं होतं, निम्मंअधिक ओलं, चारही कोपरे सुतळीनं आवळून बांधलेले. त्यानं सुतळी कापली. पोतं सुटलं तशी आत कोंडलेली गरम हवा भसकन बाहेर आली. त्याच्या कपाळावरचे केस हलले.

"याच जाळीतून मशीनची गरमी बाहेर जाते. तिचं नाकतोंड बांधलं तं थंडी कोठून येईन?" तो डोमाकडे वळला. "इतके वर्सं गाडीवर हायेस न बे? येवढी अक्कल नाई?"

डोमानं पोत्याकडे पाहिलं. मग सावलीतल्या मोकळ्या जागेकडे, जिथं बाया आज उघड्या जमिनीवर बसल्या होत्या.

एक क्षण गेला, दुसरा गेला. हिरालाल आणखी काहीबाही बोलत होता आणि डोमा खाली मान घालून ऐकत होता.

"पोतं मी बांधलं," ती म्हणाली. "रोज मीच बांधते."

डॉक्टर रागावले नाहीत, तेच तिला जड गेलं. तापलेल्या कुप्या त्यांनी खोक्यात भरून घेतल्या, बर्फाच्या पेटीतली नवी लस ठेवली, आणि या आठवड्यातल्या सगळ्या लेकरांना पुन्हा बोलवा म्हणून सांगितलं. जीपमध्ये बसताना खिशातून चिठ्ठीची घडी काढून तिच्या हातात दिली. "हे तुमच्याजवळच ठेवा, सिस्टर."

जीप गेली. घडीच्या कडेला भाताचं शीत वाळून कडक झालं होतं. डोमा तिच्या हाताकडे पाहत होता.

"हे तं कालचीच चिठ्ठी हाय."

"हो."

"माह्यावरच होती?"

ती हो म्हणाली.

"ट्रकवाला इसरून जाईन म्हून म्या त्याले दोनदा बजावलं होतं," तो म्हणाला आणि पोतं झटकून सावलीत अंथरायला गेला.

ती त्याच्यामागं गेली. "डोमाभाऊ, माझं चुकलं."

"तुमी तं फ्रिजच्या भल्यासाठीच केलं जी."

ती पोत्याबद्दल बोलत नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी तिनं कॅनवरची रेघ पदरानं पुसली. काजळ ते, नीट निघालं नाही. करडा डाग राहिला.

सकाळी कॅन फ्रिजसमोरच्या पायरीवर ठेवलेली होती. डागाच्या जरा वर, तेलाच्या पातळीशी, कोळशानं ओढलेली नवी रेघ होती. ठळक, थाळीतल्या पाण्यासारखी सरळ.

"पाहून घ्या जी, बाई. मंग नेतो."

"याची काही गरज नाही, भाऊ."

"असू द्या."

तिनं पाहिल्यावरच त्यानं कॅन उचलली. तीनला परत आला. तिनं थर्मामीटर काढला तेव्हा पारा सहावर होता. तिनं आकडा सांगितला, त्यानं मान डोलवली. मग गढूळ पाण्याची बाटली पायरीवर ठेवली आणि रेघ तिच्याकडे येईल अशी कॅन फिरवून तिच्या डोळ्यांसमोर धरली. चालत आल्यानं आतलं तेल हिंदकळत होतं. ते हलायचं थांबेपर्यंत तो कॅन तशीच धरून उभा राहिला.